मुलुंड ते पार्ले, आणि न सांगितलेलं एक मिनिट

लोक लडाखला जाऊन येतात आणि लिहितात. मी मुलुंडहून पार्ल्याला निघालो, पवईच्या पुढे पोचलोच नाही, तरी लिहितोय. कारण लाज वाटतेय.

रविवारी सकाळी साडेआठला निघालो, स्टिअरिंगवर बाबा. गाडी बाबांची, अठरा वर्षांची. तीस वर्षं त्यांनी साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या, मग ही एक स्वतःची घेतली. आदल्याच संध्याकाळी ते गावाहून परतले होते. पार्ल्याला आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मागच्या सीटवर तिच्यासाठी कुळथाचं पीठ आणि आमसुलं. बाबा बॉनेट उघडायला गेले, तर मी म्हटलं, "सर्व्हिसिंग केलंय, सगळं बघितलंय. चला."

केलं होतं भलतंच. पवईच्या चढावर मागचे हॉर्न मारायचे, ऑफिसातली पोरं हात हलवत पुढे जायची. मला त्या गाडीची लाज वाटायची. बाबा गावी गेले तसा मी घाटकोपरच्या मेस्त्रीकडे (मेकॅनिककडे) तिला जुना टर्बो बसवून घेतला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो, असा तो पंखा.

मेस्त्री नको म्हणत होता. "म्हातारं इंजिन आहे रे, कशाला छळतोस?" मी ऐकेना, तेव्हा म्हणाला, "मग एक लक्षात ठेव. हा तापून लाल होतो. गाडी थांबली की लगेच चावी फिरवायची नाही, एक मिनिट चालू ठेवायची. नाहीतर आतलं तेल जळतं आणि वाट लागली समज. घरात जो चालवेल त्याला सांग."

"सांगतो," म्हटलं.

आणि बाबांची सवय काय? सिग्नल लाल दिसला की इंजिन बंद. मालकाचं पेट्रोल फुकट जाळायचं नाही, ही त्यांची शिस्त. भांडुपला लाल, चावी फिरली. पुढच्या सिग्नलला परत तेच. सांगावं तर टर्बोचं बिंग फुटणार, म्हणून गप्प.

कांजूरमार्गला डंपिंगचा वास आला, तशा काचा वर केल्या. पुढे सायकलवाल्या अण्णाकडे इडली खाल्ली. बाबा खुशीत होते. "गाडीत जीव इलो रे! (गाडीत जीव आला!) मेस्त्री झकास आहे तुझा." अण्णाने चटणी वाढत विचारलं, "नवीन घेतली काय काका?" बाबा काय हसले! तेव्हा तरी बोलायचं ना. नाही बोललो.

पवईचा चढ तिने एका दमात काढला. बाबांनी दोन मोठ्या गाड्या मागे टाकल्या आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. वर सिग्नल लाल. चावी फिरली.

हिरवा झाला, गाडी सुरू केली, तर शिट्टीसारखा आवाज आणि मागे निळा धूर. रिक्षावाला ओरडला, "काका, साइडला घ्या, काही दिसत नाय!"

तलावाच्या कडेला थांबलो. बाबा बॉनेटकडे निघाले. मी आडवा आलो. "तापलंय, हात लावू नका." खरं तर त्यांना टर्बो दिसू नये म्हणून.

ते बॉनेटपासून मागे सरले. मग म्हणाले, "माझ्याच हातसून (हातून) गेली रे. हल्ली क्लचवर पाय थरथरता." किल्ली माझ्या हातात ठेवली. "माका आता गाडी दिव नको. (मला आता गाडी देऊ नकोस.)"

आणि मी ती खिशात टाकली. शी! आत्याचा फोन आला, भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. बाबांनीच सांगितलं, "माझ्याकडून गाडी बिघडली, आज नाय येत."

टोइंगवाला गाडी घेऊन गेला, आम्ही रिक्षाने मुलुंडला परतलो. पिठाची पिशवी बाबांच्या मांडीवर. घरी येऊन त्यांनी पाकिटातून लायसन्स काढलं आणि कपाटात, जुन्या कागदांखाली सरकवलं. ते बघून माझा बांध फुटला. टर्बो, मेस्त्री, एक मिनिट, सगळं सांगितलं. किल्ली पुढे केली.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एकच मिनिट ना?" ते म्हणाले. "सांगायचं रे. तीस वर्षं गाडीत बसून थांबायचंच तर काम केलंय मी."

किल्ली त्यांनी घेतली नाही.