सगळ्या तांड्याचं एकच खातं

पोहरादेवीच्या रस्त्यावर वर्षाराणीची खानावळ आहे. तांड्यात कुणी नवा मोबाइल घेतला, की दुकानदार विचारायचा, मेलचं खातं कोणतं टाकू? उत्तर ठरलेलं: "वर्षाराणीचंच टाका." तिलाही त्याचा तोरा होता.

यंदा यात्रेच्या तोंडावर तांड्यातल्या कुणीतरी त्याच खात्यावरून लग्नाचा व्हिडिओ टाकला. त्यात सिनेमाचं गाणं. कंपनीनं गाण्याच्या हक्काचा नियम दाखवून खातंच बंद केलं. मेल, व्हिडिओ, नकाशा सगळं त्याच कंपनीचं, त्यामुळे खानावळही नकाशावरून उडाली. बाहेरगावचे यात्रेकरू नकाशा बघूनच यायचे, आणि यात्रेच्या धंद्यावर तिचं वर्ष निघायचं. तक्रार केली, तर मशीननं ठरावीक उत्तर दिलं, खातं बंदच.

मी तेव्हा मानोऱ्यात या बड्या कंपन्या तोडा म्हणून सभा घेत होतो. तिला म्हटलं, "नकाशावाला वेगळा असता, तर व्हिडिओच्या भानगडीत तुझी खानावळ बुडाली असती का?"

"तोडा ना भाऊ. पण आता नकाशा फुकट हाये. तुटल्यावर त्यानं पैसे मागतले त कोन देईन? तुमी?"

माझं डोकं तापलं. पण प्रश्न खरा होता. जाहिरातींच्या कमाईवर जे फुकट मिळतं, ते उद्याही फुकट राहील, असं छातीठोक सांगता येत नाही. तसं मी कबूलही केलं.

भाकरी थापता थापता तिची सासू गोमतीबाई म्हणाली, "कंपनी मंग तोडजा. तू अख्खा तांडा एका खात्यात कोंबला, तो आंधी मोकळा कर."

वर्षाराणीनं सासूशी अबोला धरला, पण काम केलं. ज्याचं त्याला खातं काढून दिलं. खानावळ एका लहान कंपनीच्या नकाशावर चढवली, फाट्यावर पाटी रंगवली. ताप वाढला तो वेगळाच. लोक पासवर्ड विसरून ऐन जेवणाच्या वेळी दारात.

"बाबूलाल, बायकोचं नाव त ध्यानात हाये ना? का तेबी मीच सांगू?"

यात्रेच्या सकाळी गाड्या न थांबता पुढं जात राहिल्या. दुपारी एक जीप वळली. ड्रायव्हरनं त्या लहान कंपनीचा नकाशा दाखवला. मागची गाडी पाटी वाचून आली. गेल्या सालाएवढी गर्दी नव्हती, तरी दिवस मावळता पीठ संपलं.

मी म्हटलं, "पुढच्या सभेत तू बोल."

"बोलतो. पण फुकटाचा सवालबी मांडीन. तुमाले आवडो का नको आवडो."

तिचं नाव मी पत्रकावर सगळ्यात वर टाकलं आहे.