बिरुनी मास्तरांची शेवटची मोजणी

आष्टीत गजानन मास्तर कुठं राहतात म्हणून विचारलं तर चहावालाही डोकं खाजवतो. बिरुनी मास्तर म्हणा, थेट दारात आणून सोडतो. हे नाव शाळेतल्या पोरांनी पाडलेलं. तास अपूर्णांकांचा असो नाहीतर त्रिकोणाचा, मास्तर हजार वर्षांमागच्या अल्-बिरुनीवर घसरायचेच. अरबीत ग्रंथ लिहिणारा गणिती, गझनीच्या सुलतानापायी हिंदुस्थानात आला, इथली संस्कृत शिकला, आन् पंजाबातल्या एका डोंगरावर उभं राहून त्यानं अख्खी धरती मोजली! आधी डोंगराची उंची काढली. मंग माथ्यावरून, आभाळ जमिनीला टेकतं ती रेघ किती खाली झुकलीय, तो कोन घेतला. बाकी सगळं कागदावर.

"धरतीला दोरी लावत फिरला न्हाई बाबा तो," मास्तर म्हणायचे, "जागचा हललाबी न्हाई!"

आपणही एकदा तसंच मोजायचं, हा मास्तरांचा ध्यास. पत्र्याचं कोनमापक केलं, त्यावर फिरती पट्टी बसवली. दर हिवाळ्यात पोरं घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर. पण टेकडी बुटकी; कोन यायला पाहिजे जेमतेम पाव अंश, आन् धुळीत रेघच सापडायची नाही. लोक चिडवायचे, "मास्तर, आधी माझा बांध मोजा, मंग धरती!" सगळ्यांत मोठ्यानं मास्तरच हसायचे.

पुढं काचबिंदू आला. गेलेली नजर परत येत नसते, असं जालन्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. यंदा मास्तरांना नुसता उजेड तेवढा कळत होता, आन् तोही विझत चालल्ता.

एका सकाळी शेजारचा संघपाल ओरडला, "मास्तर, आज हवा काचेसारखी हाये. पार लांबचं दिसून राह्यलं!"

"दुर्गे, ऊठ," मास्तर बायकोला म्हणाले. "तू बघ, मी हिशोब करतो. पुढल्या साली मला उजेडबी न्हाई."

दुर्गाबाईंनी नेहमीसारखा त्यांचा हात धरला. दोघं हळूहळू टेकडीच्या माथ्यावर येऊन बसले.

"दिसली का रेघ?"

"दिसली की."

"पट्टी तिच्यावर लाव. काय आलं?"

दुर्गाबाईंनी बराच वेळ खुडबुड केली. "पाव अंश. बिलकुल बराबर."

मास्तरांनी कोनमापकाकडं हात नेला. जन्मभर हुलकावणी दिलेला कोन! पत्र्यावरून त्यांनी मायेनं बोट फिरवलं आन् ते थबकले. पट्टी आभाळाकडं तोंड करून उभी होती.

"खरं सांग. काय दिसलं तुला?"

"धुकं."

"आज धुकं न्हाई."

"मला रोजच असतंय."

मंग बाईंनी सांगून टाकलं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनची तारीखबी मिळाल्ती. बाई गेल्याच नव्हत्या.

"खुळी का काय तू? तुझे बरे होण्यासारखे हायेत!"

"म्हणूनच न्हाई गेले. तुम्ही अंधारात, आन् मी एकटीनं उजेड बघत बसू व्हय?"

"मंग मला इथवर आणलं कसं?"

"पाय घासत. तुम्हाला वाटलं, तुमच्यासाठी हळू चालून राह्यले."

मास्तरांचे डोळे बघायच्या कामाचे राहिले नव्हते, पण पाण्याला कमी पडले नाहीत. कोनमापक त्यांनी पिशवीत घातलं.

"उद्या जालन्याला जायचं. तुझ्या डोळ्यांसाठी."

"आन् मोजणी?"

"झाली."

दोघं उठले. उतार समोर होता. पहिलं पाऊल कुणी टाकायचं, म्हणून दोघंही हात धरून तसेच उभे राहिले.