जुन्या रिपॉझिटरीवर अडकलेले एकोणीस बदल

त्या सोमवारी सकाळी कंपनीने जुनी रिपॉझिटरी, म्हणजे सगळ्यांचा कोड ठेवायची सामाईक जागा, बंद करून नवी उघडली. जुन्यात कुणाच्या तरी हातून पासवर्ड जाऊन बसला होता. शुक्रवारपर्यंत आपापलं काम सर्व्हरवर पुश करा, म्हणजे चढवून ठेवा, असा मेल आला होता. मी वाचला होता. केलं नाही. अर्धवट काम चारचौघांना दाखवायचं नाही, ही माझी कॉलेजपासूनची खोड. तीन आठवड्यांचं काम, एकोणीस बदल, फक्त माझ्या लॅपटॉपवर. चार वाजता ते दाखवायचे होते, आणि मला नोकरीत कायम करायचं की नाही ते त्यावरच ठरणार होतं.

कोन गावातल्या आमच्या घरी बसून मी माझं काम नव्या रिपॉझिटरीशी जोडायला गेलो. दोन्हींचा इतिहास जुळत नाही, असा एरर आला. जबरदस्तीने जोडलं तर शेकडो फायली लाल, म्हणजे जुना-नवा मजकूर एकमेकांत अडकलेला. शिवाय त्या वाटेने जुना पासवर्ड परत आत गेला असता. सगळं मागे घेतलं, पुन्हा तेच केलं. एक वाजला.

आई जेवायला दोनदा बोलावून गेली. तिसऱ्यांदा दारातच उभी राहिली.

"कुनाला तरी इचार ना रं."

"नाय इचारायचं."

"मंग बस एकटा."

आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. गणित अडलं तर विचारणार कोणाला? एकट्याने डोकं फोडायचं, हीच माझी शिकायची रीत, आणि मला तिचा अभिमान आहे. पण त्या दुपारी ती मला बुडवत होती.

अडीचला सीनियर सरांना फोन लावला. काम जुन्यावरच राहिलंय, नव्यावर न्यायला येत नाही, एवढंच बोललो.

"हे सकाळी दहाला सांगायचं होतंस."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी सांगितलं की जोडायच्या भानगडीत पडू नकोस. प्रत्येक बदल सुटा काढ आणि नव्यावर क्रमाने लाव. अकरा सरळ लागले. बारावा अडला, कारण ती फाईलच नव्यात बदलली होती. तो हाताने लिहिला. सोळावा लागला तेव्हा चार वाजले.

मीटिंगमध्ये मॅनेजरनी तीन बदल कमी का, विचारलं. मी माइक चालू केला आणि चूक माझी आहे, ती काय झाली, ते सगळं सांगितलं.

उरलेले तीन साडेपाचला चढले. मला कायम करणं तीन महिने पुढे गेलं, हे त्याआधीच कळलं होतं.