दुसऱ्यांदा विचारतील म्हणून

काल इथे परदेशात, जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये दालचिनीचा वास आला आणि माझा जुना जळफळाट पुन्हा उफाळून आला. काही वर्षांपूर्वी क्वीन्सटाउनच्या ऑफिसात, मीटिंगच्या टेबलावर दालचिनी रोलचा खोका उघडा असताना, आमच्या चिनी बॉसने मला विचारलं, "नवी टीम तू सांभाळशील?" मनातून उड्या मारत मी म्हणालो, "छे, माझ्याहून अनुभवी लोक आहेत की." पुण्यात पंगतीत करतात तसा तो आग्रह करेल, दुसऱ्यांदा विचारेल, अशी माझी खात्री. तेवढ्यात तीनच महिन्यांपूर्वी आलेल्या अमेरिकन सहकाऱ्याने बोटं चाटत सांगितलं, "मला हवीय. मी छान सांभाळीन." ना संकोच, ना आढेवेढे! बॉस इथल्या ढंगात म्हणाला, "ओके लाह, तू घे." नंतर तो अमेरिकन माझ्या टेबलाशी येऊन मनापासून म्हणाला, "तुला नको होती म्हणून मी मागितली, नाहीतर मी तुझंच नाव सुचवणार होतो." त्याच्यावर धड चिडताही येईना, त्याच्या त्या सरळ 'हवीय'चा हेवा मात्र अजून जात नाही. काल मॉलमधल्या बेकरीतल्या मुलीने चवीपुरता रोलचा तुकडा पुढे केला. "नको, नको," म्हणालो, आणि ती पुन्हा विचारेल म्हणून तिथेच उभा राहिलो.