विभामावशीचं शेवाळ

टावर चौकाजवळच्या विभामावशीच्या दवाखान्यात दाढ दाखवायला आलेल्या माणसाला आधी दिसायची ती डॉक्टरीणबाईंची पाठ. मावशी स्टुलावर चढून, खांद्यापर्यंत हात खाऱ्या पाण्यात बुडवून, दातांच्या ब्रशानं दगड घासत असायची. "दो मिनट भैया," ती वर न बघताच म्हणायची, "पहिले ह्यांचे दात होऊ देत."

उज्जैनपासून समुद्र केवढा तरी लांब. म्हणून मावशीनं तो बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत आणला होता. विकतचं समुद्री मीठ घातलेलं पाणी, दोन केशरी मासे आणि दगडाला धरून बसलेलं एक जिवंत पोवळं. दिवे लागले की ते जांभळ्या बोटांसारखं फुलायचं आणि मावशी हातातली पक्कड विसरून बघत राहायची.

मग हिरवं शेवाळ आलं. केसांसारखं लांब, आज उपटावं तर परवा पुन्हा हजर. त्यानं दगड झाकले, पोवळ्याला वेढलं. पोवळ्यानं बोटं आत ओढून घेतली. मावशीनं दिवे कमी केले, पाणी बदललं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या, लाळ ओढायच्या कोऱ्या नळीनं शेवाळाचे झुपके ओढून काढले. "कीड आणि शेवाळ एकाच खानदानातले," ती म्हणायची, "गोड बोलून जात नाहीत." शेवटी म्हणाली, "बेटा, अब नहीं होता. इंदूरच्या दुकानदाराला देऊन टाकते सगळं." तिचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

टाकी आवरायला मी रविवारी गेले. फिल्टरचा स्पंज पिळताना लवंगेचा वास आला. दातांच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास असायचाच, म्हणून मी पिळतच राहिले. मावशीनं मात्र स्पंज नाकाशी नेला आणि त्यातून फुगलेलं पिवळं काहीतरी चिमटीत धरलं.

"अहो! ये क्या है?"

काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून दवाखान्यात नंबर लावायला बसत. त्यांनी चष्मा वर केला. "शेव. लवंगवाली."

"टाकीत?"

"मी खायला लागलो की मासे माझ्याकडे बघतात गं. एकट्यानं कसं खाणार? पेशंटही घालतात थोडी. इंजेक्शनच्या आधी तेवढंच मन रमतं त्यांचं."

येईल त्याला "काय खाता, सच्ची सांगा" असं दरडावणाऱ्या माझ्या मावशीनं टाकीला हे कधी विचारलंच नव्हतं! कुजलेल्या शेवेच्या खतावर शेवाळ माजलं होतं. आता काकांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण मावशी मटकन स्टुलावर बसली आणि हसत सुटली. "शेवेपासून शेवाळ होतं, मला काय ठाऊक!" काका कळवळून म्हणाले. त्यावर तिला उचकीच लागली.

काकांचं शेव खाणं बाहेरच्या पायरीवर गेलं. ब्रश काकांच्या हाती आला. शेवाळ हळूहळू विरळ झालं, तरी पोवळं मिटलेलंच होतं.

एका दुपारी मावशी सराफ्यातल्या एका शेठजींची दाढ कोरत होती. बाहेरून काका ओरडले, "विभा, खुललं गं!" मावशी हातमोज्यांसकट धावली, मी धावले, आणि तोंडात कापूस, गळ्यात रुमाल अशा अवस्थेत शेठजीही आले. आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे राहिलो. जांभळी बोटं डुलत होती. शेठजी हात नाचवत "आं ऊं आं" करू लागले.

"काय म्हणतात हे?" काका घाबरले.

उभा जन्म असलंच बोलणं ऐकण्यात गेलेल्या मावशीनं मान वळवली आणि आनंदानं किंचाळली, "म्हणतात, एक और है! कोने में, छोटा वाला!"