देवाच्या वाटीतलं तेल

चोवीस जानेवारी, शनिवार, संध्याकाळ. जमा रक्कम सहा हजार चारशे रुपये. हजर मी, माझा थोरला भाऊ, वहिनी आणि सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी काढून आलेली माझी मुलगी.

हनुमान जयंतीला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मारुतीला नव्याने शेंदूर चढवायचा होता. त्यासाठी चौसष्ट घरांनी शंभर-शंभर रुपये दिले होते. गल्लीचे पैसे माझ्याकडे असतात आणि मारुती दादाकडे. ही वाटणी कुणी केली ते आठवत नाही. वडील गेल्यावर ती आपोआप झाली, त्याला सव्वीस वर्षं झाली.

दादा होटगीला रेल्वेत गँगमन होता. सोलापुरातून जाऊन-येऊन नोकरी केली, पण शनिवार त्याने कधी चुकवला नाही. दिवसभर उपास. संध्याकाळी पितळेच्या वाटीत शेंदूर आणि तिळाचं तेल बोटांनी कालवायचं, मारुतीला लावायचं, वाटेत भेटणाऱ्या लेकरांच्या कपाळाला त्याच अंगठ्याने टिळा लावायचा, आणि घरी येऊन उपास सोडायचा. त्याच्या नखांच्या कडा कायम केशरी असायच्या. रेल्वेतले त्याचे सोबती त्याला ‘सिग्नल’ म्हणायचे.

गेल्या दिवाळीच्या आधी त्याचे पाय सुजायला लागले. तपासण्या झाल्या. क्रिएटिनिन एकच्या आसपास हवं, ते दोन पूर्णांक नऊ निघालं. किडनीचे डॉक्टर म्हणाले, रक्तदाबामुळे झालं असावं. जपलं तर डायलिसिस लांबेल, नाही जपलं तर दोन वर्षांत मशीनवर जावं लागेल. तंबाखू आहे का, कंबरदुखीच्या गोळ्या खाता का, सगळं विचारलं. दादाला यातलं काहीच नव्हतं. तेव्हापासून घरात एकच विषय होता, दादाला मशीनपासून लांब ठेवायचं. मी सोनाराकडे असतो तसला लहान काटा आणला आणि त्याचं दिवसाचं मीठ रोज सकाळी तोलून डबीत काढून ठेवायला लागलो. पाच ग्रॅम. वहिनीने आमटीतली मिरची कमी केली, लोणचं बंद केलं, पापड बंद केले. दादा म्हणायचा, “ह्यानं मला तुरुंगात टाकलंय, आन् वर ताजवा घेऊन बसलाय.” पण खायचा.

माझी मुलगी किडनीच्याच पेशींवर संशोधन करते. हा योगायोग आहे. दादाचं दुखणं निघायच्या चार वर्षं आधीपासून ती हे काम करते. मागच्या उन्हाळ्यात मी तिची प्रयोगशाळा बघून आलो होतो. तळहाताएवढ्या चपट्या बशीत गुलाबी पाणी, आणि त्या पाण्याच्या तळाशी पेशी. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. ती म्हणाली, “बाबा, रक्त गाळल्यावर कामाचं जे काही लघवीच्या वाटेला लागतं, ते ह्या पेशी परत उचलून घेतात. शिसं, कॅडमियम असले धातू त्या कामाच्या वस्तूंबरोबर आत शिरतात. पेशीला कळत नाही.” मग तिने दुसरी बशी दाखवली. त्या बशीत अगदी थोडं शिसं रोज घालत होते. फरशा जागोजागी उखडल्या होत्या. काही पेशी गोल होऊन पाण्यात तरंगत होत्या. तळाला धरून राहायची ताकद गेली की त्या अशा सुटतात, असं ती म्हणाली. मला कौतुक वाटलं, बशी किती रुपयांची असते ते विचारलं, आणि आम्ही चहाला गेलो. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. शिशाची ती बाटली उचलताना तिने हातमोजे घातले, आणि काम झाल्यावर ते वेगळ्या डब्यात टाकले. साध्या कचऱ्यात नाही.

आता त्या शनिवारी. पैसे मोजून झाले. दादा मारुतीकडून आला, हातपाय धुतले आणि पाटावर बसला. वहिनीने ज्वारीची भाकरी, बिनमिरचीचं पिठलं आणि चमचाभर शेंगाची चटणी वाढली. एवढी चटणी डॉक्टरांनी शनिवारपुरती मंजूर केली होती, आणि तिच्यातलं मीठ मी पाच ग्रॅममध्ये धरलेलं होतं. चटणीवर तेल लागतंच. दादाने पितळेची वाटी जवळ ओढली, तिच्यातलं उरलेलं तेल चटणीवर ओतलं, आणि भाकरीच्या तुकड्याने वाटी आतून पुसून घेतली.

हे आम्ही सव्वीस वर्षं बघत होतो. शेंगाची चटणी मुळातच तांबडी. तिच्यात आणखी थोडा केशरी रंग मिसळला तर तो कुणाच्या डोळ्यात येणार?

मुलगी समोर बसली होती. ती शिकायला बाहेर पडली तेव्हापासून शनिवारच्या जेवणाला घरी क्वचितच असायची. तिने विचारलं, “काका, ती वाटी कशाची?”

“देवाची. का गं?”

“त्यात शेंदूर कालवला होता ना?”

“व्हय. उरलेलं तेल हाय. टाकायचं व्हय? देवाचं हाय ते.”

ती उठली आणि दादाच्या पुढचं ताट तिने उचललं. मोठ्यांच्या ताटाला जिने कधी बोट लावलं नाही, तिने. वहिनी म्हणाली, “अगं, जेवत्या माणसाचं ताट वडतीस? आक्रीतच करतीस की!” मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “बाबा, हे कुत्र्यालाही घालू नका.”

मग तिने दादाच्या तोंडातला घास थुंकायला लावला. तो थुंकला. का ते त्याला कळलं नव्हतं, पण तिचा आवाज ऐकून थुंकला.

शेंदराचा पुडा देव्हाऱ्याखाली होता. नव्या पेठेतल्या पूजेच्या दुकानातून दादाच आणायचा. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, फक्त पूजेसाठी. मुलीने हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तो पुडा उचलला, तेव्हा मला प्रयोगशाळेतले ते हातमोजे आठवले. दोन्ही गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी बघितलेल्या होत्या, बशीही आणि वाटीही. त्या एकमेकींशेजारी कधी आल्याच नाहीत. सव्वीस वर्षांचे शनिवार किती, हा गुणाकार डोक्यात आपोआप सुरू झाला आणि मी तो मध्येच सोडला. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर माझा काटा होता. पाच ग्रॅम मिठाचा.

मुलगी म्हणाली, शेंदूर शिशापासून करतात. हल्ली काही ठिकाणी नुसत्या रंगाचाही मिळतो, म्हणून तपासल्याशिवाय ती काही सांगणार नाही. पुडा ती बरोबर घेऊन गेली. जाण्याआधी दादाला रक्त द्यायला लावलं. तपासणी सोलापुरात होत नव्हती, नमुना मुंबईला गेला.

आठवड्याने दोन्ही उत्तरं आली. पुड्यात शिसंच होतं, चिमूटभर नव्हे, निम्म्याहून कितीतरी जास्त. आणि दादाच्या रक्तात, जिथे पाचच्या आत हवं तिथे एक्केचाळीस. तो कागद मी तीनदा वाचला. आकडे चुकीचे छापले जातात, मी कितीदा तरी पकडलेले आहेत. हा बरोबर होता.

किडनीच्या डॉक्टरांनी कागद बघून पेन खाली ठेवलं. म्हणाले, “मी इतक्या पेशंटना इतकं विचारतो. हे कधी विचारलं नाही.” किडन्या शिशानेच गेल्या का, या माझ्या प्रश्नावर ते आणि फोनवर माझी मुलगी एकच बोलले. एका माणसावरून तसं सांगता येत नाही, रक्तदाबही आहे, पण शिसं रक्तदाबही वाढवतं. शिसं अंगाबाहेर काढायचं औषध देता येईल का, हे ते मुंबईला विचारणार होते. तोवर वाटी बंद.

शनिवार आला, दादाने उपास धरला, आणि संध्याकाळी कोरडाच कोपऱ्यावर जाऊन उभा राहून आला. मग मुलीचा फोन आला तेव्हा त्याने तो स्वतः घेतला.

“पोरी, एक सांग. देव इख देतो व्हय?”

ती म्हणाली, “काका, मारुती दगडाचा आहे. त्याला शेंदूर सोसतो, त्याला किडन्या नाहीत. तुम्हाला आहेत.”

दादा हसला. वहिनीने डोळ्याला पदर लावला. ती मला म्हणाली, “वरीसभर मिरचीला नावं ठिवत बसले की मी.” वर्ष झालं नव्हतं, तीनच महिने झाले होते, पण मी दुरुस्ती केली नाही.

फोन ठेवल्यावर दादा बराच वेळ स्वतःचा अंगठा बघत बसला. मग म्हणाला, “माझं ऱ्हाऊ दे. त्या लेकरांचं काय? टिळ्याला लावलेला हात ती तोंडात घालत्यात.”

हे आमच्या कुणाच्याच मनात आलं नव्हतं. दर शनिवारी हटकून टिळ्याला येणारी लहान मुलं गल्लीत चार. चारही घरांत दादा स्वतः गेला. मी बरोबर होतो, पण बोलला तोच. काही लपवलं नाही. एका आईने त्याला दारातच चार शब्द सुनावले. तो ऐकून घेत उभा राहिला. दुसऱ्या घरातली म्हातारी म्हणाली, एवढ्या पिढ्या लावला, तेव्हा कोण मेलं? दादा म्हणाला, “मावशी, तपासलंच न्हाय की कुणी.”

चौघांचं रक्त तपासायचं ठरलं. पैशांचा प्रश्न आला तेव्हा मी म्हणालो, गल्लीने शेंदरासाठी दिलेला पैसा दुसरीकडे वळवायचा तर चौसष्ट घरांना विचारावं लागेल. दादा म्हणाला, विचार. मी विचारलं. एकसष्टांनी होकार दिला. तिघांचे शंभर-शंभर मी परत देऊ केले, तर त्यांनीही घेतले नाहीत.

मार्चमध्ये चौघांचे निकाल आले. तीन मुलं ठीक. एका मुलीचं थोडं वर, बारा. तिला औषध नको, शिसं बंद आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, असं डॉक्टरांनी सांगितलं. दारात बोलणारी आई तिचीच. दादाचं क्रिएटिनिन मार्चअखेर पुन्हा दोन पूर्णांक नऊच आलं. कमी झालं नाही म्हणून मी खट्टू झालो, तर डॉक्टर म्हणाले, वाढलं नाही ही बातमी चांगली आहे, मशीन अजून लांब आहे.

हनुमान जयंतीला मारुतीला गेरू चढवला. हातमोजे घालून दादानेच. रंग शेंदरासारखा उजळ आला नाही, मातकट आला. दादा लांब जाऊन बघून आला आणि म्हणाला, चालतंय.

एकूण खर्च सहा हजार चारशे. त्यातले पाच हजार आठशे, मुलामागे चौदाशे पन्नास याप्रमाणे, रक्ताच्या तपासणीचे, प्रयोगशाळेला दिले. उरलेले सहाशे गेरू, तेल आणि हातमोज्यांचे, कुंभारवाड्याच्या तोंडाशी असलेल्या दुकानातल्या बाईंना. पावती दोन्हींची आहे. दादाच्या तपासणीचे पैसे यात धरलेले नाहीत, ते त्याने त्याच्या पेन्शनमधून भरले.