खर्चाच्या एका ओळीसाठी अपील

मी चौथी शिकलेला, साताऱ्याकडचा. पलटणीत गाड्या दुरुस्त केल्या आणि पेन्शन घेऊन जयपुरातच राहिलो, चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका गल्लीत. माझ्या गच्चीचं पाणी पन्हाळीतून शेजाऱ्याच्या चौकात पडायचं. तो कापडावर छपाई करणारा, त्याचे थान, म्हणजे कापडाचे तागे, भिजायचे. ऐंशीनंतर कधीतरी त्याने दावा लावला. मी सांगितलं, पन्हाळ मी घर घेण्याआधीपासूनची आहे. कोर्टाला पटलं नाही. निकालात आलं, प्रतिवादीचं म्हणणं खोटं, म्हणून दाव्याचा खर्च त्याने द्यावा.

आठवड्यात गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी आमचा समझोता करवला. मी पन्हाळ वळवून घेतली. त्याने लिहून दिलं, पन्हाळ जुनीच होती आणि खर्च मला नको. सगळे खुशीत घरी गेले. निकालातली ओळ मात्र तशीच राहिली.

बायको म्हणाली, "अहो, मिटलं ना? आता काय परत?"

"त्याच्याशी मिटलं. मी खोटा हे कागदावर आहेच की."

वकिलाने कपाळाला हात लावला. "फौजीसाब, अपिलाची मुदत टळून एकोणीस दिवस झाले. उशिराचं कारण द्यावं लागतं. बीमारीचं सर्टिफिकेट लावू."

"खोटा नाही हे सांगायला खोटा ताप आणू? झालं ते लिहा."

झालं ते असं. समझोता झाला आणि शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. जयपूरकडे लग्नघरात मिठाईची खोली असते, तिला कोठार म्हणतात. तिची किल्ली सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे. शेजाऱ्याने ती मला दिली. म्हणाला, "मराठाजी, माझा साला आला तरी मोजूनच द्या." त्याची किल्ली कमरेला लावून त्याच्यावरच्या अपिलावर सही कशी करणार? मुलीची पाठवणी झाली, किल्ली परत केली, मगच वकिलाकडे गेलो.

वरच्या कोर्टात मला वाटलं होतं, हाकलतील. शेजाऱ्याचा वकील तेच म्हणत होता, खर्च कोणी मागत नाही, मुदत गेली, कोर्टाचा वेळ कशाला? जजसाहेब चष्मा वर करून फाईल पहिल्या पानापासून वाचायला लागले. एवढा मोठा माणूस, बाहेर एवढी माणसं ताटकळलेली, आणि हा माझी पन्हाळ वाचतोय. पलटणीत मोठमोठे साहेब पाहिले, पण माझा कागद असा कोणी वाचला नव्हता.

मग त्यांनी शेजाऱ्याला उभं केलं. "कोठाराची किल्ली ह्यांना दिली होतीत?"

"जी हुजूर. एक लाडू कमी भरला नाही."

"आणि त्याच्या महिनाभर आधी हेच खोटे होते?"

शेजारी खाली बघत म्हणाला, "हुजूर, तेव्हा थान ओले होते."

जजसाहेब हसले. उशीर माफ केला. म्हणाले, वादीनेच पन्हाळ जुनी असल्याचं लिहून दिलंय, तेव्हा खर्चाचा हुकूम रद्द, खर्च ज्याचा त्याने सोसावा. स्वतःच्या हाताने लिहिलं. मी हात जोडले. माझ्यासारख्या भांडखोराने!

बाहेर शेजारी म्हणाला, "मराठाजी, खर्चापेक्षा वकिलालाच जास्त दिलेत."

"तुम्हाला काय करायचंय? माझे पैसे आहेत."

हुकमाची नक्कल मिळाली ती हिंदीत होती. मी तिथेच पायरीवर बसलो आणि बोट ठेवून अक्षर न् अक्षर लावलं. शेजारी थांबून राहिला. मी दुसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा तोही शेजारी बसला.